उठायचं कसं ते बोल

आमच्या वॉर्डात कोणी पडत नव्हतं, कारण आमच्या वॉर्डात कोणी उठतच नव्हतं. हे वाक्य मी एकदा स्टाफच्या मीटिंगमध्ये बोलून गेले आणि त्यानंतर बराच काळ मला त्या मीटिंगचं बोलावणं आलं नाही. बरंच झालं. तिथला चहा तसाही कोमट असायचा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नातेवाईक मला 'मालीशवाल्या मॅडम' म्हणतात, वॉर्डबॉय 'चालवणाऱ्या बाई' म्हणतात आणि माझा नवरा 'लोकांना छळून पगार घेणारी' म्हणतो. त्यातल्या त्यात वॉर्डबॉयचं बरं. ऑपरेशन झालेली, तापातून उठलेली, आठवडेच्या आठवडे पडून राहिलेली माणसं पुन्हा पायावर उभी करायची, चालताना तोल कसा सांभाळायचा ते त्यांना शिकवायचं, आणि हे सगळं होताना ती पडणार नाहीत हे बघायचं, असं माझं काम. पण पडू न देण्याचे दोन मार्ग असतात. एक, माणसाचे पाय बळकट करायचे. दुसरा, त्याला पलंगावरून खालीच उतरू द्यायचं नाही. दुसरा सोपा आहे, म्हणून तोच चालतो.

आमच्याकडे तर तो अगदी साग्रसंगीत चालायचा. पलंगाचे दोन्ही कठडे वर. म्हाताऱ्या पेशंटच्या मनगटाला 'हा पडू शकतो' असं सांगणारा पिवळा पट्टा. गादीवर एक चपटी चटई, तिच्यावरचं वजन हललं की ती अशी किंचाळायची की पेशंट घाबरून पुन्हा आडवा व्हायचा. या सगळ्याबद्दल वॉर्डाला ढाल मिळाली होती, सर्वांत सुरक्षित वॉर्ड म्हणून. ती काउंटरमागे काचेत ठेवलेली होती आणि रोज पुसली जायची. पेशंट घरी जायचे तेव्हा त्यांच्या मांड्यांत जीव उरलेला नसायचा. मग ते घरी पडायचे. घरी पडलेले आमच्या हिशेबात धरत नसत.

वॉर्डाच्या प्रमुख मोठ्या सिस्टर वाईट नव्हत्या. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच आग पाखडणार आहे. फार पूर्वी त्यांच्या ड्यूटीवर एक आजोबा बाथरूमच्या दारात पडले आणि गेले. चौकशी बसली, सिस्टरांना धारेवर धरलं. अख्ख्या वॉर्डाला त्या वेळी एकच सिस्टर का होती, हे मात्र कोणी विचारलं नाही. तेव्हा त्यांनी कानाला खडा लावला. जमिनीवर दिसलेला पेशंट म्हणजे पडलेला पेशंट, हा त्यांचा नियम झाला आणि पुढे तो सगळ्या हॉस्पिटलचा झाला. कसा आला, कशाला आला, हा प्रश्नच नाही.

अशा वॉर्डात खिडकीजवळच्या पलंगावर सायकलवाल्या आजी आल्या.

आजींचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीनं चालवलं, पंक्चर काढण्यापासून वाकड्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करण्यापर्यंत सगळं. बोटं अजून जाडजूड, पकडीत भरपूर जोर. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांना चक्कर आली आणि त्या फरशीवर आडव्या झाल्या. हाड एकही मोडलं नव्हतं. फक्त उठता येईना. कुशीवर वळायचा प्रयत्न केला, हात टेकून बघितले, हाका मारल्या. शेवटी दमल्या आणि सकाळपर्यंत तशाच राहिल्या. टेबलावर फोन वाजला, थांबला, परत वाजला. मुलगा करत होता. आई लवकर झोपली असेल असं समजून त्यानं नाद सोडला. सकाळी शाळेत शिकवायला जाता जाता तो डोकावला तेव्हा आईचे ओठ निळे पडले होते.

दुखणं त्या पडण्यातून झालं नव्हतं, पडून राहण्यातून झालं होतं. एका जागी दाबले गेलेले स्नायू खराब झाले, त्याचा भार मूत्रपिंडांवर आला, छातीत कफ भरला. डॉक्टरांनी ते सगळं आटोक्यात आणलं. चक्कर रक्तदाबाच्या गोळीची होती, तीही कमी केली. औषधाचं काम संपलं, आता माझं सुरू होणार होतं.

पहिल्या दिवशी मी माझं नेहमीचं भाषण लावलं. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, डोकं स्थिर होऊ द्यायचं, घरात सैल चपला घालायच्या नाहीत. आजींनी मधेच तोडलं.

"पडायचं नाही, पडायचं नाही. आल्यापासून जो तो हेच सांगतोय. मी काय हौसेनं पडले होते? पडल्यावर उठायचं कसं ते बोल."

इतकी वर्षं काम करतेय, पण हा प्रश्न इतका सरळ मला कोणी विचारला नव्हता.

"शिकवते," मी म्हटलं.

"कधी?"

"आधी पाय तर चालू देत."

"पाय माझे आहेत. ते माझ्यावर सोड."

आजींना घाई होती त्याला कारण होतं. मुलगा आईच्या घराजवळच्या शाळेत गणित शिकवायचा, पण राहायचा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सून कामाला, नातवंडांच्या परीक्षा, घर दोन खोल्यांचं. त्यानं आईसाठी वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. चांगली होती खोली, त्यानं मला मोबाईलवर फोटोही दाखवले. पलंगाला कठडे होते.

"तिथे चोवीस तास माणूस असतं, मॅडम," तो म्हणाला. "तिला हलायची गरजच नाही."

त्याचा चेहरा इतका ओढलेला होता की मला त्याच्यावर ओरडता येईना. नाहीतर ते वाक्य ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आजींनी मला एकदाच सांगितलं. "घरी जायचंय. माझं घर, माझी चावी. तो म्हणतो, आई तू परत पडलीस तर? मी म्हणते, पडेन. पुढे?"

तर मी शिकवायला घेतलं. जमिनीवरून उठणं हे आम्ही शेवटापासून शिकवतो. आधी खुर्चीतून उभं राहायचं. ते जमलं की खुर्चीच्या बैठकीला धरून एक गुडघा उंच उशीवर टेकायचा आणि परत वर यायचं. मग उशी कमी करायची. मग दोन्ही गुडघे. मग हात जमिनीवर. असं करत करत एक दिवस माणूस सतरंजीवर आडवा होतो, आणि तोपर्यंत वरचा सगळा रस्ता त्याच्या अंगात मुरलेला असतो. डॉक्टरांना मी विचारलं होतं. ते फोनमध्ये बघत "करा, करा" म्हणाले. मोठ्या सिस्टरांना विचारलं नाही. त्या नाही म्हणाल्या असत्या, आणि नाही म्हटल्यावर करण्यापेक्षा न विचारता केलेलं बरं असं माझं मत आहे. ते माझ्या नवऱ्यालाही चांगलं ठाऊक आहे.

वॉर्डाच्या टोकाला वॉकर, व्हीलचेअर आणि मोडके सलाईनचे स्टँड ठेवायची खोली होती. चटईचं बटण बंद करून मी आजींना तिथे न्यायचे. जाड गादी घातलेली, भिंतीला टेकवून एक भक्कम खुर्ची. आजी पहिल्यांदा गुडघ्यावर उतरल्या तेव्हा त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवली होती.

"भीती वाटते?" मी विचारलं.

"नाही गं. राग येतोय. एवढंसं अंतर आहे, बघ. सगळी जिंदगी मी जमिनीवर बसून चाकं खोलली. सायकलखाली झोपून पेडल बसवलं. ही जमीन आणि मी काय अनोळखी आहोत?"

मग त्यांना सूर सापडला. मला शिकवायला लागल्या. "थांब, घाई नको. आधी नट सैल करायचा, मग चाक काढायचं," असं पुटपुटत आधी कुशीवर, मग कोपरावर, मग हातागुडघ्यांवर. मी पाठीमागे त्यांच्या कमरेला बांधलेला पट्टा धरून उभी असायचे, पण ओढायचे नाही. ओढलं तर त्यांचे पाय काय शिकणार? हात शिवशिवत असताना मागे ठेवणं, हेच माझ्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. त्याची कुठे ढाल मिळत नाही.

आणि मग ती दुपार आली. त्या दिवशी आजी पहिल्यांदा पाठीवर पूर्ण आडव्या झाल्या होत्या आणि तिथून निघून हातागुडघ्यांवर आल्या होत्या. मी आनंदानं काही बोलणार होते. त्यांना ते नको होतं, त्यांची नजर खुर्चीवर होती. त्या रांगत निघाल्या. मी पट्टा सैल सोडून एक पाऊल मागे झाले, कारण आता मदत लागत नव्हती. नेमका त्याच वेळी मुलगा आईला शोधत, मोठ्या सिस्टरांना बरोबर घेऊन दारात आला. शाळा लवकर सुटली होती.

त्याला काय दिसलं असेल? पांढऱ्या गाऊनमधली आपली आई चार पायांवर, केस सुटलेले, धापा टाकते आहे. आणि मी बाजूला, हात मागे घेऊन, बघते आहे.

"आई!"

"हात लावू नका," मी त्याच्या वाटेत उभी राहिले. "त्या उठतायत. त्यांना उठू द्या."

पण सिस्टरांचा हात घंटेवर गेला होता. दोन वॉर्डबॉय धावत आले, मला बाजूला सारलं, आणि दोघांनी दोन बाजूंनी आजींच्या काखेत हात घालून त्यांना पोत्यासारखं उचललं. आजी "सोडा, सोडा" म्हणत होत्या. कोणी ऐकलं नाही. ओढाताणीत त्यांचा उजवा खांदा दुखावला. वॉर्डात ढाल आल्यापासून एखाद्या पेशंटला झालेली ती पहिलीच दुखापत असेल, आणि ती उचलताना झाली.

"माझी आई जमिनीवर रांगत होती," मुलगा मला म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, तुटत होता. "रांगत होती, आणि तुम्ही उभ्या राहून बघत होतात."

यावर माझ्याकडे बरोबर उत्तर होतं. पण ते द्यायची ती वेळ नव्हती आणि तो ऐकायच्या अवस्थेत नव्हता, म्हणून मी ते गिळलं.

संध्याकाळच्या आत मला अधीक्षकांनी बोलावलं. आम्ही त्यांना मोठे सर म्हणतो. टेबलावर पेशंट पडल्याचा रिपोर्ट होता, मोठ्या सिस्टरांच्या नीटस अक्षरात.

"तुमच्या देखरेखीखाली पेशंट पडला," सर म्हणाले.

"पडल्या नाहीत, सर. मी त्यांना उतरवलं होतं."

"नियमात दोन्ही एकच आहे."

"मग नियम चुकलाय."

त्यांनी चष्मा काढला. मोठ्या माणसांनी चष्मा काढला की आपण नरमायचं असतं, असा काहीतरी संकेत असावा. मला तो कधी जमला नाही.

"मॅडम, हा वॉर्ड आपण बाहेरच्या लोकांना दाखवतो. इथे कोणी पडत नाही, हे आपण अभिमानानं सांगतो."

"सांगा ना. फक्त त्यांना इथून घरी गेलेल्यांकडेही घेऊन जा. कोण चालतंय ते दाखवा."

त्यांनी मला त्या पेशंटपासून दूर राहायला सांगितलं. परवा आजींना वृद्धाश्रमाची गाडी न्यायला येणार होती. घरच्यांची इच्छा तीच होती, झालेल्या प्रकारानंतर डॉक्टरांनीही मान डोलावली होती. "करा, करा" म्हटल्याचं डॉक्टरांना आता काही आठवत नव्हतं. डिस्चार्जच्या वेळी मी तिथे असण्याची गरज नाही, असंही सरांनी सांगितलं.

"गरज नसेल. मी येणार," मी म्हटलं आणि निघाले. बाहेर आल्यावर घरखर्चाचा हिशेब मनात मांडला, ते खरं आहे. नोकरी मलाही लागते.

मी आजींच्या पलंगाशी गेले. दूर राहायचं असं सांगितलं होतं, म्हणून सरळ जवळ जाऊन बसले. कठडे वर, चटई चालू, खांद्याखाली उशी. मला वाटलं आजी रडत असतील. त्या माझ्यावर भडकलेल्या होत्या.

"तू सोडलंसच कसं त्यांना? माझा गुडघा टेकला होता. खुर्ची हाताला लागणार होती. बाजूला काय झालीस?"

"आजी, त्यांनी मला ढकललं."

"मग परत यायचं. तोल शिकवताना तू मला ढकलतेस तेव्हा काय सांगतेस? पाय फाकवून उभ्या राहा, वजन खाली घ्या. स्वतःला नाही जमलं?"

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. "चुकलं माझं," मी म्हटलं.

"खांदा दुखतोय," आजी म्हणाल्या. "डावा धड आहे पण. डाव्यावर करता येईल?"

"येईल. अवघड जाईल."

"परवा माझ्याजवळ उभी राहा. आणि या वेळी हलू नकोस."

मला दोन रात्री नीट झोप लागली नाही. आजींना जमणार नाही अशी मला भीती होती. एक दिवस पडून काढला की त्या वयात पायातलं बळ किती ओसरतं ते मला माहीत होतं, वर खांदा दुखावलेला. सगळ्यांच्या समोर त्या जमिनीवर अडकल्या असत्या तर वृद्धाश्रमाच्या त्या कठड्यांवर शिक्का बसला असता, आणि तो मी बसवला असता. नवरा म्हणाला, "मग नको म्हणून सांग तिला." मी म्हटलं, "ती ऐकेल असं वाटतं तुला?" तो म्हणाला, "तुझ्याकडे बघून वाटत नाही."

त्या दिवशी सकाळी पलंगाभोवती सगळे जमले. डॉक्टर, मोठ्या सिस्टर, मुलगा. खाली गाडी लागली होती. आजींची पिशवी भरून खुर्चीजवळ ठेवलेली. मी गेले तेव्हा सिस्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण त्यांनी मला अडवलं नाही. डॉक्टर औषधं समजावून सांगत होते. ते संपल्यावर आजी म्हणाल्या, "मला खाली उतरायचंय."

"गाडीपर्यंत व्हीलचेअर येतेय," मुलगा म्हणाला.

"गाडीत नाही. जमिनीवर."

मी पलीकडून जाऊन कठडा खाली केला. चटई किंचाळायच्या आत तिचं बटण बंद केलं. सिस्टर पुढे सरकल्या, तशी मी मधे उभी राहिले. या वेळी पाय फाकवून. "सिस्टर, त्यांना पूर्ण शुद्ध आहे आणि त्या काय म्हणतायत ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यांना कोणाच्या परवानगीची गरज नाही. डॉक्टर, आहे का?"

डॉक्टरांनी एकदा सिस्टरांकडे बघितलं, एकदा आजींकडे. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या हातात फोन नव्हता. "नाही," ते म्हणाले. "उतरू द्या."

आजींनी मला खुर्ची भिंतीला लावायला सांगितली. त्या उभ्या राहिल्या, खुर्ची धरली, एक गुडघा, दुसरा गुडघा, डावा हात, आणि मग कुशीवरून पाठीवर. सावकाश, कुठेही धपकन नाही. गाऊन नीट केला. वर बघून मुलाला म्हणाल्या, "ये. खाली ये माझ्याजवळ."

तो उकिडवा बसला.

"असं नाही. आडवा हो."

"आई, काय चाललंय तुझं?"

"आडवा हो म्हणते ना."

इस्त्रीच्या शर्टातले, खिशाला पेन लावलेले गणिताचे मास्तर हॉस्पिटलच्या फरशीवर आईच्या शेजारी आडवे झाले. दारात बाकीच्या पलंगांचे नातेवाईक गोळा झाले होते. कोणी हसलं नाही.

"तुझा फोन त्या टेबलावर आहे. दिसतो का इथून?"

त्यानं मान वळवली. "नाही."

"मलाही दिसत नव्हता. नुसता ऐकू येत होता. तू केलेलास, मला माहीत होतं. मी ओरडून सांगत होते, मी इथे आहे, मी इथे आहे. तो थांबला. परत वाजला, परत थांबला." आजींनी त्याच्याकडे मान वळवली. "तुझा राग नाही आला मला. तू काय करणार होतास? पण मी रात्रभर स्वयंपाकघराच्या छताकडे बघत एकच विचार करत होते. हात धड, पाय धड, हाडं धड, आणि मला उठायचं कसं ते माहीत नाही. वृद्धाश्रमाच्या त्या खोलीत मला कायमचं झोपवलंस तर मला ते कधीच कळणार नाही."

मुलानं डोळ्यांवर हात घेतला. तो आडवाच होता, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी सरळ कानांकडे निघालं.

"आता बघ," आजी म्हणाल्या.

त्या डाव्या कुशीवर वळल्या. कोपर टेकलं. उजवा हात पोटाशी धरलेला, त्यामुळे सगळा भार एकाच बाजूवर आला आणि त्या पुन्हा खाली घसरल्या. वॉर्डबॉय दारातून पुढे आला. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं, तो थबकला. आजींनी श्वास घेतला. परत कोपर. मग तळवा. गुडघे अंगाखाली आले, आणि त्या रांगत खुर्चीशी पोचल्या. डावा हात बैठकीवर. उजवं पाऊल पुढे, टाच टेकलेली. तिथे त्या अडल्या. मांडी थरथरायला लागली, मानेच्या शिरा ताठ झाल्या. माझे हात माझ्या नकळत पुढे झाले होते, ते मी पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले. माझ्या शेजारी मोठ्या सिस्टर पुटपुटत होत्या, "टाचेवर जोर द्या, आजी, टाचेवर." कुठून कुणास ठाऊक, त्यांना अचूक माहीत होतं.

आजींनी टाचेवर जोर दिला. वर आल्या, वळल्या, खुर्चीत बसल्या. घामानं निथळत होत्या. बोलता यायला लागल्यावर त्यांनी खाली मुलाकडे बघितलं, तो अजून तसाच आडवा होता.

"चल, आता तू ऊठ."

तो उठायला गेला. पोट मधे आलं, एक हात घसरला, शेवटी पलंगाचा पाय धरून, कण्हत कसाबसा उभा राहिला. शर्टाची एक बाजू पँटमधून सुटलेली.

"आईचं जास्त चांगलं झालं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला लिहावं लागेल, तुम्हाला कल्पना आहे. दोघं जमिनीवर दिसले."

"लिहा," मी म्हटलं. "दोघंही आपापले उठले, हेसुद्धा लिहा."

त्यांनी लिहिलं की नाही ते मला माहीत नाही. वॉर्डाची ढाल मात्र पुढच्या वेळी दुसरीकडे गेली. मला लेखी समज मिळाली, ती मी सही करून घेतली आणि खाली एक ओळ लिहिली: मान्य नाही. मोठ्या सरांनी त्यानंतर दोन महिने माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. मी रोज करायचे, मुद्दाम, लांबून हाक मारून.

वृद्धाश्रमाची गाडी त्या दिवशी रिकामी परत गेली. मुलगा हरला म्हणून गेली असं नाही. तो गाडीवाल्याशी बराच वेळ बोलत उभा होता, वर आला, आईची पिशवी उचलली आणि म्हणाला, "चावी कुठे आहे?" जाता जाता त्यानं मला बजावलं, "तिला काही झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही." मी म्हटलं, "या ना. मी इथेच असते."

आणि तो आला. थंडीचे दिवस होते, मी आमच्या विभागात एका आजोबांना जमिनीवर चिकटवलेल्या पट्ट्यांच्या रेषेवरून चालवत होते. तो दारात उभा. त्याचं तोंड उतरलेलं होतं. आजोबांना मी खुर्चीत बसवलं.

"काल आई पडली," तो म्हणाला.

"कुठे आहेत त्या? कुठल्या हॉस्पिटलला?"

"कुठल्याच नाही." तो बाकावर बसला. हातातली शाळेची बॅग मांडीवर घट्ट धरलेली. "मी वर्गावर होतो. फोन वाजला. मी कधी घेत नाही वर्गात, पण तिचा म्हणून घेतला. म्हणाली, येताना दूध आण. मी म्हटलं, सकाळीच तर आणून दिलं. म्हणाली, हो, ते सांडलं. मी पडले ना, तेव्हा."

"मग?"

"मी म्हटलं, आई, तिथेच पडून राहा, हलू नकोस, मी येतो लगेच." त्यानं चष्मा काढून रुमालानं पुसला आणि पुन्हा लावला. "म्हणाली, कशाला? मी केव्हाच उठलेय, फरशीही पुसून झाली. शाळा सुटली की ये."